अंगणात गेलेली शाळा : ग्राम बाल शिक्षा केंद्र, बोर्डी ते कोसबाड

ग्राम बाल शिक्षा केंद्र १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी सुरू झाले. नूतन बाल शिक्षण संघाने ते काढले. कल्पना ताराबाई मोडकांची होती, आणि ती रोजच्या रोज अमलात आणण्याचे काम अनुताई वाघांनी मरेपर्यंत केले. १९५७ मध्ये केंद्राचा मुक्काम बोर्डीहून काही मैल आत, कोसबाडच्या टेकडीवर हलला आणि तिथे विकासवाडी उभी राहिली. हा सगळा मुलूख २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो.

जुन्या शाळांना संस्थापकाचे किंवा देणगीदाराचे नाव असते. ताराबाईंचे नाव मात्र पाटीपेक्षा दोन शब्दांना अधिक चिकटले आहे : बालवाडी आणि अंगणवाडी. हे शब्द आता सामान्यनामे झाले आहेत. खेड्यातली बाई ‘पोराला अंगणवाडीत सोडून येते’ म्हणते तेव्हा तिला हा शब्द कुणी घडवलेला आहे याची शंकाही येत नाही. केंद्राचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी हे शब्द ज्या कामातून निघाले त्या कामाचा इतिहास आहे.

ताराबाई माहेरच्या केळकर. जन्म १९ एप्रिल १८९२. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते, त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला घरातून आडकाठी होण्याचा प्रश्नच नव्हता. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचे लग्न झाले, पण संसार टिकला नाही आणि काही वर्षांतच त्या मुलीसह वेगळ्या झाल्या. रत्नाकर मतकरींचे ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक त्यांच्या आयुष्यावर बेतलेले आहे. विभक्त होणाऱ्या बाईला त्या काळी नातेवाइकांच्या आश्रयाखेरीज फारशी वाट नसे. ताराबाईंनी नोकरी धरली. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. शिक्षिका तयार करणारी ती मानाची आणि बऱ्या पगाराची जागा होती.

ती जागा त्यांनी १९२३ मध्ये सोडली आणि त्या भावनगरला गेल्या. तिथे नानाभाई भट्टांनी काढलेल्या दक्षिणामूर्ती या संस्थेत गिजुभाई बधेका १९२० पासून बालमंदिर चालवत होते. गिजुभाई मूळचे वकील. मुलगा लहान असताना त्याला कसे वाढवावे या विचारात असता मारिया माँटेसोरींची पुस्तके त्यांच्या हाती पडली आणि वकिली मागे राहिली. मुले त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई म्हणत. पगार, पद आणि सरकारी मान्यता यांच्या हिशेबात ताराबाईंचा हा निर्णय आतबट्ट्याचाच होता.

माँटेसोरींनी आपली पहिली शाळा १९०७ मध्ये रोममधल्या सान लोरेंत्सो या कामगार वस्तीत, चाळीसारख्या इमारतीच्या एका खोलीत उघडली होती. आईबाप कामाला गेले की पोरे जिन्यात धुडगूस घालीत आणि भिंती खराब करीत, म्हणून घरमालकांच्या मंडळीने ती खोली दिली होती. मूल स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या गतीने शिकते आणि शिक्षिकेने त्याच्या मध्ये येऊ नये, एवढे सूत्र त्या पद्धतीच्या मुळाशी आहे. त्यासाठी साधने हवीत : एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत चढत जाणारे दहा ठोकळ्यांचे मनोरे, खाचांत नेमके बसणारे दट्टे, बोट फिरवून गिरवायची खरखरीत अक्षरे. साधनात चूक झाली तर ती साधनच दाखवते. दट्टा चुकीच्या खाचेत गेला की शेवटी एक दट्टा उरतो, बाईंनी रागावायची गरज पडत नाही.

गिजुभाईंनी हे सगळे घेतले, पण जसेच्या तसे घेतले नाही. माँटेसोरींना लहान मुलांना परीकथा सांगणे पसंत नव्हते. गिजुभाईंच्या बालमंदिरात गोष्ट ही मधोमध बसलेली असे, आणि तिच्याभोवती लोकगीते, नाटुकली, माती, बाग. ताराबाई तिथे नऊ वर्षे राहिल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला तो या दोघांच्या पुढाकाराने. संघाची ‘शिक्षण पत्रिका’ गुजरातीत निघत असे, पुढे तिच्या मराठी आवृत्तीचे संपादन ताराबाईंनी अनेक वर्षे केले. आईबापांनी मुलाला मारू नये, भीती घालू नये, बक्षिसाचे आमिषही दाखवू नये, हे तेव्हाच्या मराठी घरात चमत्कारिक वाटणारे म्हणणे ताराबाई पुन्हा पुन्हा मांडत राहिल्या. त्यांचे लिखाण सोपे आहे, पण भाबडे नाही. समोरच्या आईला काय अडचण आहे हे धरून त्या लिहितात.

भावनगरहून परतल्यावर १९३६ मध्ये त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केला. बालमंदिर, त्याला जोडून शिक्षिकांसाठी अध्यापन मंदिर, तेही मराठी आणि गुजराती दोन्ही भाषांत. हिंदू कॉलनीत तेव्हा शिकलेला मध्यमवर्ग राहायला येत होता. त्याला मुलांसाठी काही नवे हवे होते आणि फी देण्याची ऐपतही होती. शिशुविहार नावारूपाला आला. तिथे शिकून बाहेर पडलेल्या बायकांनी पुढे गावोगावी बालमंदिरे काढली.

याच यशातली एक गोष्ट ताराबाईंना खटकत होती. माँटेसोरींची शाळा जन्मली कामगारांच्या चाळीत, आणि हिंदुस्थानात पोचेपर्यंत ती फी भरू शकणाऱ्यांची झाली. महागडी लाकडी साधने, टापटीप खोली, प्रशिक्षित बाई, हे सारे जिथे पैसा तिथेच. गांधीजी १९३१ मध्ये लंडनला माँटेसोरींच्या प्रशिक्षण वर्गात गेले होते. ही पद्धत धनिकांच्या मुलांपुरती न राहता कंगालांच्या मुलांपर्यंत पोचावी, अशी आशा त्यांनी तिथे बोलून दाखवली होती. पुढे १९४५ च्या सुमारास गांधीजींच्याच नई तालीम या शिक्षणयोजनेचा विचार सात वर्षांच्या मुलाच्याही मागे, पाळण्यापर्यंत नेण्याची चर्चा सुरू झाली. ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या होत्या. दादरचा चालता संसार दुसऱ्यांवर सोपवून त्या बोर्डीला गेल्या.

बोर्डी हे गाव वरवर पाहता सुखवस्तू. किनाऱ्यावर सुरूची रांग, चिकूच्या वाड्या, पारशी आणि इराणी बागायतदारांचे बंगले, घोलवड स्टेशन जवळ, गावात चांगले हायस्कूल. गावातल्या आणि आसपासच्या वस्त्या मात्र मांगेल्यांच्या, बारींच्या, दुबळ्यांच्या, धोडींच्या आणि वारल्यांच्या. आत जंगलाकडे सरकावे तसतसा वारली पाडा दाट होतो : कारवीच्या काठ्यांच्या, शेणामातीने लिंपलेल्या कुडाच्या भिंती, गवताचे छप्पर, घरात भांडी मोजकी आणि धान्य पावसाळ्यापर्यंत पुरेल याची खात्री नाही. जमीन सावकाराची, वेठ जमीनदाराची. केंद्र सुरू झाले त्याच वर्षी हा मुलूख पेटलेला होता. किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी वारल्यांना संघटित केले होते. मे १९४५ मध्ये झरीच्या सभेत वेठ न करण्याचा निर्धार झाला आणि ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. ताराबाईंचे काम या लढ्याचा भाग नव्हते आणि त्यांचा मार्ग वेगळा होता. तरीही माणूस म्हणून उभे राहू पाहणाऱ्या त्याच समाजातल्या तीन वर्षांच्या पोरापासून आरंभ करायचा, हा निर्णय त्याच साली व्हावा, याची नोंद इतिहासाने घ्यायला हवी.

अनुताई वाघ याच वर्षी ताराबाईंना भेटल्या. बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचे ग्रामसेविकांचे शिबिर होते, तिथे. अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. घरच्यांनी त्यांना कोपऱ्यात बसवले नाही, शिकवले. चांदवडला आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी शिक्षिकेचे काम केले. दिवसा शिकवायचे आणि रात्री शिकायचे, असे करून त्या १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. बोर्डीला त्या काही दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या. पुढे आयुष्यातली सत्तेचाळीस वर्षे त्यांनी डहाणू तालुक्यातच काढली. बी. ए. सुद्धा त्यांनी हे काम करता करताच केले, १९६१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी.

बोर्डीला पहिली बालवाडी रीतसर निघाली : एक जागा, ठरलेली वेळ, मुले आणायची आईबापांनी. मुले आलीही, पण ती ज्यांच्या घरी वेळेवर उठवणारे, आंघोळ घालणारे आणि हात धरून आणून सोडणारे कुणी होते त्यांची. ज्यांच्यासाठी दादर सोडले त्या वस्त्यांतली मुले आलीच नाहीत. कारणे शोधायला फार लांब जावे लागले नाही. आई उजाडायच्या आत कामावर गेलेली, अंगावर घालायला धड कपडा नाही, आणि गावच्या मधोमध असलेल्या त्या जागेत ‘आपल्या’ पोरांनी जायचे असते हेच वस्तीला पटलेले नाही. अस्पृश्यतेचा काच होताच.

यावर दोन उपाय होते. मुले येत नाहीत म्हणून खंत करीत बसणे हा एक, आणि तो सरकारी शाळांनी आधीच अंगीकारला होता. केंद्राने दुसरा केला. मध्यवर्ती बालवाडी तशीच ठेवून शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या आणि कुणाच्या तरी घरापुढच्या अंगणात, झाडाखाली, ओट्यावर दोन तास बालवाडी भरवू लागल्या. ही अंगण-बालवाडी. पुढे देशभर गेलेल्या अंगणवाडीचे मूळ ते हे.

अंगणात शाळा भरली की तिचा धर्मच बदलतो. चार भिंतींत शिक्षिका यजमान असते, अंगणात ती पाहुणी. घरची म्हातारी पडवीत बसून सगळे पाहते, मध्येच बोलते. कोंबड्या येतात. मुलाने काय केले हे आईला संध्याकाळी सांगावे लागत नाही, शेजारीण सांगते. आंघोळ, नखे, केस, डोळ्यांची चिपडे यांपासून दिवस सुरू होई, आणि हे काम शिक्षिका स्वतः करीत. सवर्ण घरातली शिकलेली बाई हरिजनवाड्यातल्या पोराचे नाक पुसते, हे वस्तीने आपल्या डोळ्यांनी पाहिले. त्यापुढे भाषणाची गरज उरली नाही.

साधनांचा प्रश्न तिथल्या तिथे सुटला. लाकडी मनोरा परवडत नव्हता, पण चढत्या आकाराचे गोटे ओढ्यात होते. मोजायला चिंचोके, गुंजा, शंख-शिंपले. रंग ओळखायला पाने आणि फुले, खरखरीत-गुळगुळीत समजायला झाडाची साल आणि नदीतला दगड, बोटांना वळण लागायला माती. बांबूच्या कांड्या वेगवेगळ्या लांबीच्या कापल्या की लहान-मोठ्याचा धडा तयार. तत्त्व माँटेसोरींचेच होते : मूल हाताने शिकते आणि चूक वस्तूच दाखवते. फक्त त्याचा खर्च शून्यावर आला. माँटेसोरी पद्धतीचे भारतीयीकरण असे जे म्हटले जाते त्यातला बराच भाग हा असा, परसातून आणि ओढ्यातून वेचून आणलेला आहे. तज्ज्ञांना या साधनांत नेमकेपणा कमी वाटे. त्यात तथ्य आहे, गोट्यांचा मनोरा दहा ठोकळ्यांसारखा बिनचूक बसत नाही. पण ज्या मुलांसाठी तो होता त्यांच्यापुढे निवड गोटे की ठोकळे अशी नव्हतीच.

बोर्डीत दहा-बारा वर्षे काढल्यावर केंद्र कोसबाडला गेले. टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीची कृषी संस्था होती आणि भोवती वारल्यांचे पाडे. बोर्डीत आदिवासी हा गावाचा एक कोपरा होता, इथे तोच गाव होता. ताराबाई पासष्टीच्या होत्या.

कोसबाडला प्रश्न बालवाडीपुरता राहिला नाही, प्राथमिक शाळेपर्यंत गेला. १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा सक्तीचे शिक्षण सांगत होता. पाड्यांवर शाळा नव्हत्या असे नाही, शाळांत मुले नव्हती. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही हे विचारायला गेले की ती दारातच दिसे, कडेवर धाकटे भावंड घेऊन. आई गवत कापायला किंवा शेतावर मजुरीला गेली की तान्हे सांभाळायचे काम तिचे. तिला शाळेत आणायचे तर कडेवरच्या पोरालाही आणावे लागणार. कोणतीही शिक्षिका वर्गात रडके तान्हे चालवून घेत नाही, म्हणून मुलगी घरी.

विकासवाडी ही योजना या कडेवरच्या पोरापासून निघाली. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. मुलीने यायचे, तान्ह्याला पाळणाघरात ठेवायचे, मधल्याला बालवाडीत सोडायचे आणि स्वतः वर्गात बसायचे. मधल्या सुट्टीत ती जाऊन धाकट्याला पाहून येई. तीन वेगळ्या संस्था तीन वेगळ्या खात्यांखाली चालवण्याची आपल्याकडे रीत आहे. इथे त्या एका कुंपणात आल्या, कारण एका घरातून येणारी मुलेही एकमेकांचे हात धरूनच येत होती. शिवाय पोर पाळण्यातून बालवाडीत आणि बालवाडीतून पहिलीत जाताना परक्या ठिकाणी जात नसे. त्याला ती इमारत, त्या बाई आणि ते झाड आधीच माहीत असे. पहिलीत येऊन बुजणारी आणि महिन्याभरात गळणारी मुले हे प्राथमिक शिक्षणाचे जुने दुखणे आहे. विकासवाडीने त्यावर औषध काढले ते असे रचनेतच.

मुलगे वेगळ्या कारणाने येत नसत. ते गुरांमागे होते. स्वतःच्या घरची चार गुरे असत, नाहीतर दुसऱ्याची, पोटावारी राखायला घेतलेली. गुराखी पोर सकाळी निघाले की दिवस कलल्यावर परत. रात्रशाळा हा उपाय होता आणि तोही केंद्राने केला, पण दिवसभर उन्हात फिरलेले नऊ वर्षांचे पोर कंदिलापुढे किती वेळ जागे राहणार? तेव्हा अंगणाचाच न्याय पुन्हा लावला गेला. पोर जिथे आहे तिथे शाळा. ही कुरणशाळा.

कुरणशाळेला स्वतःचे वेळापत्रक नव्हते, गुरांचे होते. शिक्षक खांद्याला झोळी लावून माळावर जाई, झोळीत पाट्या, खडू, गुंडाळी फळा, चित्रे. फळा झाडाला टांगला की वर्ग भरला. सकाळी गुरे पसरतात आणि चरू लागतात तेव्हा मुले मोकळी असतात, तो अक्षरांचा वेळ. उन्हे चढली की गुरे सावलीला बसून रवंथ करतात, तेव्हा गोष्ट, गाणे, हिशेब. मध्येच एखादी गाय कुणाच्या भातात शिरते. मग ज्याची ती गाय त्याने पाटी खाली ठेवून धावायचे, वळवून आणायचे आणि पुन्हा बसायचे. कुणी त्याला ‘वर्ग सोडून कुठे चाललास’ असे म्हणायचे नाही. पहिला हिशेब गुरांचाच : किती निघाली, किती बसली, किती दिसत नाहीत. झाडे, पाखरे, वेली यांची नावे मुलांना शिक्षकाहून जास्त येत. निसर्गाभ्यासाच्या तासाला शिकवणारा आणि शिकणारा यांची जागा सहज बदले, आणि ताराबाईंना त्यात वावगे काहीच वाटत नव्हते. त्यांनी या प्रयोगावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, अनुताईंनीही लिहिले. पाठ्यपुस्तकातला धडा कोणता लागू पडतो आणि कोणता नाही, याचे सर्वांत कठोर परीक्षण या माळावर झाले असावे. आगगाडी, पोस्टमन आणि दिवाळीचा फराळ यांवरचे धडे वारली पोराच्या डोळ्यांपुढून तसेच निघून जात.

कुरणशाळेच्या मर्यादाही होत्या. पावसाळ्यात ती भरणे कठीण, चांगला शिक्षक टिकणे त्याहून कठीण, आणि माळावर शिकलेले पोर पुढे चौथी-पाचवीच्या चौकटीत बसवताना खटपट पडे. दिवाळीनंतर तर पाडेच्या पाडे गवत कापायला आणि वीटभट्ट्यांवर उठून जात. मुले आईबापांमागे जात आणि सहा महिन्यांचे शिकलेले पुसले जाई. स्थलांतर हा प्रश्न केंद्राला सोडवता आला नाही. तो शाळेने सुटण्यासारखा नव्हताच, जमिनीचा आणि मजुरीचा होता.

शिक्षिका कुठून आणायच्या हा प्रश्न आरंभापासून होता. शहरातून आलेली बाई वर्ष-सहा महिन्यांत परत जाई. म्हणून केंद्राने आपल्याच भागातल्या, थोड्या शिकलेल्या मुलींना आणि बायकांना बालसेविका म्हणून तयार करण्यावर भर दिला. बालवाडीची सेविका फार शिकलेली नसली तरी चालेल, तिला पाड्याची बोली यायला हवी आणि घाण वाटता कामा नये, हा निकष पुस्तकी शिक्षणशास्त्राला धरून नसेल, पण तो चालला. या प्रशिक्षणाची पुस्तके अनुताईंनी लिहिली. बालवाडी कशी चालवावी, दिवस कसा आखावा, साधने कशी करावीत, गाणी कोणती म्हणावीत, याचा तपशील त्यांत आहे. वाङ्मय म्हणून त्यांची दखल घेतली गेली नाही, पण महाराष्ट्रातल्या कितीतरी खेड्यांत ती पुस्तके वापरून फाटली.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या गावपातळीवरच्या केंद्राला नाव मिळाले ते अंगणवाडी. शब्द देशाचा झाला. योजना मोठी आणि गरजेची होती. पूरक आहार, लसीकरण, गर्भवतींची तपासणी, मुलांचे वजन अशी कामे तिने अंगावर घेतली आणि त्यांतून कुपोषणाविरुद्धचे एक देशव्यापी जाळे तयार झाले. पण बोर्डीच्या अंगणात जे मधोमध होते ते, म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलाचे शिकणे, या जाळ्यात कडेला गेले. सेविकेच्या हाती वजनकाटा आणि नोंदवह्या आल्या, चिंचोके मागे पडले. हा दोष सेविकांचा नाही. एका बाईवर तुटपुंज्या मानधनात इतकी कामे लादल्यावर जे मोजले जाते तेच होते.

ताराबाईंनंतरची जवळजवळ दोन दशके केंद्र अनुताईंच्या हाती होते. या काळात त्यांनी ‘शिक्षण पत्रिका’ पुढे चालवली, पाड्यापाड्यांवर बालवाड्या वाढवल्या आणि आपल्या अनुभवांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक लिहिले. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सत्तरी ओलांडल्यावरही त्यांना स्वस्थ बसवेना. १९८२ मध्ये रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ग्राममंगल ही संस्था काढली आणि डहाणू तालुक्यातल्याच दाभोणच्या जंगलभागात नव्याने काम मांडले. कोसबाडची घडी बसली होती, म्हणजे तिथे आता आपण नसलो तरी चालेल, असा त्यांचा हिशेब असावा. ताराबाईंनी दादर सोडले तेव्हाचाच हा हिशेब. २७ सप्टेंबर १९९२ रोजी अनुताईंचे निधन झाले.

केंद्राच्या इतिहासात या दोघींची नावे एका दमात घेतली जातात आणि त्यामुळे त्यांच्यातला फरक पुसला जातो. ताराबाई विचार मांडणाऱ्या, लिहिणाऱ्या, देशभर फिरून संस्था आणि सरकार यांच्याशी बोलणाऱ्या. एखादी गोष्ट का करायची हे त्यांना आधी कळे. अनुताईंना ती उद्या सकाळी कशी करायची हे कळे. अंगण-बालवाडीचा किंवा विकासवाडीचा आराखडा ताराबाईंच्या नावे आहे आणि तो योग्यच आहे, पण पाड्यावर सकाळी कुणाच्या दारात जाऊन कुठल्या पोराला उठवायचे हे ज्यांना माहीत होते त्या अनुताई होत्या. आराखडे काढणारे शिक्षणतज्ज्ञ महाराष्ट्राला कमी मिळाले नाहीत. आराखड्यापाशी सत्तेचाळीस वर्षे राहणारे माणूस क्वचित मिळाले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ या वयाचा एक सलग पायाभूत टप्पा मानला आहे : अंगणवाडी किंवा बालवाटिकेची तीन वर्षे आणि तिला जोडून पहिली-दुसरी. बालवाडी आणि पहिलीचा वर्ग एका आवारात आणण्याचे काम कोसबाडच्या टेकडीवर १९५७ नंतरच्या वर्षांत सुरू झाले होते, आणि तिथे त्याला जोडून पाळणाघरही होते. नव्या धोरणाच्या या टप्प्यात पाळणाघर नाही.